खुशालरावांच्या पोटातल्या लाटा

अकोला, ४ फेब्रुवारी १९६३

शकुन,

भिंतीपलीकडून नत्थुजी ओरडला, "वाडगा रिकामा झाला, डॉक्टरसाहेब!" आणि माझ्यासमोरच्या पट्टीवरचा उजेडाचा ठिपका होता तसाच मरगळल्यासारखा हलत राहिला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी तुझ्यावर रागावलेला माणूस होतो. दीड वर्षं दुसरं कामच नव्हतं मला. आता तो राग कुठं नेऊन ठेवू ते कळत नाही, कारण वाडगा तुझ्या बाबांचा होता.

बाबा अकोल्याला दाखवायला गेलेत हे तुला माहीत असेल. मी इथं आहे हे माहीत नसेल. तुझे मामा भर प्रॅक्टिकलमध्ये आले, सगळ्या वर्गासमोर माझी जात काढली, तू खाली बघत राहिलीस, आणि सर म्हणाले, "भांडण बाहेर न्या." मी बाहेर गेलो तो गेलोच. तुझ्या मामांची, रामरावांची कॉलर मी धरली असं अमरावतीत सांगतात. धरली होती. पुढं नांदगावला घरी बसून आईचं तोंड बघवेना. इथं ताजनापेठेत डॉ. सबनीसांना त्यांचं विजेचं यंत्र सांभाळायला फिजिक्स शिकलेला कोणीतरी पाहिजे होता. अर्धवट शिकलेला चालेल म्हणाले. तेवढा मी आहे.

यंत्र तुला दाखवावं असं पहिल्या दिवसापासून वाटत आलं, म्हणून सांगतो. पोट स्वतःच स्वतःला हुकूम सोडतं, शकुन. विजेचा हुकूम, अगदी बारीक. मिनिटाला साधारण तीन. हुकूम सुटला की पोटाचं मांस आवळतं आणि अन्न पुढं सरकतं. पेशंटच्या पोटावर मिठाचा लगदा चोळून मी चांदीच्या दोन चकत्या बसवतो. त्यांच्या तारा भिंतीतून माझ्या अंधाऱ्या खोलीत येतात. तिथं नखाएवढा आरसा टांगलाय, हुकूम आला की तो किंचित वळतो, आणि त्याच्यावरून आलेला उजेडाचा ठिपका लाकडी पट्टीवर डावीकडून उजवीकडे सरकतो नि परत येतो. घड्याळाच्या ठोक्याला मी तो कुठं आहे ते बघून चौकटीच्या कागदावर टिंब मारतो. मागून टिंबं जोडली की लाटा दिसतात. मग लाटांची उंची मोज, लांबी मोज, कुठं मोडली ते बघ. गावातले लोक याला पोटाचा रेडिओ म्हणतात. नत्थुजी आमचा कंपाउंडर, तो रोज दारातून विचारतो, "काय म्हनते बातम्या, वानखडे?"

पेशंट उपाशीपोटी येतो. आधी उपाशी पोटाच्या लाटा घ्यायच्या, त्या बुटक्या असतात. मग त्याला ज्वारीच्या कण्या खाऊ घालायच्या, दूध-गूळ घालून, सगळ्यांना सारख्याच. त्या मीच स्टोव्हवर शिजवतो. खाल्ल्यावर धडधाकट पोटाच्या लाटा अशा वर चढतात की ठिपका पट्टीच्या टोकापर्यंत जातो.

तुझ्या बाबांच्या चढल्या नाहीत.

सकाळी चकत्या लावायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं. तुझी आई पायाशी बसली होती.

"तू कावून इथं?"

"नोकरी करतो."

"डॉक्टर कुठं गेला? त्याले बोलाव."

"येतातच आहेत. चकत्या मीच लावतो. थोडं गार लागंल."

मग त्यांनी छताकडे नजर लावली ती काढलीच नाही. त्यांचं पोट किती खोल गेलंय गं. ज्या माणसानं मला तुमच्या बागेच्या कुंपणालाही हात लावू दिला नसता त्याच्या बरगडीखाली मी मीठ चोळत होतो, आणि मला वाटलं होतं की असा दिवस आला तर मला बरं वाटेल. वाटलं नाही.

नागपूरच्या एक्स-रेत सावली दिसते, पण नक्की काही सांगता येत नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की अन्न पडूनही लाटा चढत नाहीत म्हणजे पोटाची भिंतच गाठीनं मेली आहे. नागपूरला नेऊन पोट कापून बराचसा भाग काढावा लागेल. "या प्रकृतीत टेबलावरून उठतील का, सांगता येत नाही," हे ते मला म्हणाले. बाबांना म्हणाले नाहीत.

तू त्यांच्याजवळ ये. माझं नाव काढू नको. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, रुख्मिणीच्या पत्त्यावर टाकतो, ती तुझ्या हातात देईल.

सुखदेव


अकोला, ६ फेब्रुवारी

शकुन,

तुझ्या बाबांचं पोट मेलेलं नाही. त्यांनी खाल्लंच नाही!

काल संध्याकाळी तपासणीची खोली झाडत होतो. खाटेखाली मुंग्यांची ही एवढी रांग. वांतीसाठी आम्ही एक एनॅमलचं तसराळं ठेवतो, त्याच्या कडेला दुधा-गुळात वाळलेल्या कण्या चिकटल्या होत्या. वांती झाली असती तर पट्टीवर कळलं असतं, ठिपका वेडावाकडा उडतो. मी कागद काढून बघितला. जेवणाच्या वेळी एकदाच ठिपका कडेला गेलाय, माणूस कुशीवर वळून खाली हात घालतो तेव्हा जातो तसा. बाकी आधीच्या लाटा आणि नंतरच्या लाटा, एकीवर एक ठेवल्या तर बसतील. उपाशी पोटाच्या लाटा, सरळ साध्या, चांगल्या. मेलेल्या भिंतीला त्याही नसत्या.

नत्थुजीला धरलं.

"ते खाताना तू समोर होता ना?"

"व्हतो ना. म्हंजे, त्याइनं गरम पानी मांगतलं, मंग गेलो मी."

"त्याच्या आधी काही बोलले?"

"इचारत व्हते, कण्या कोनं रांधल्या म्हून."

"अन् तू?"

"म्या सांगतलं, आमच्या वानखडेनं. हाताले चव हाय म्हनलं त्याच्या." आणि माझ्याकडे बघून त्याचं तोंड उतरलं. "मले काय मालूम बाप्पा!"

पंचवीस रोगी माझ्या हातचं खाऊन गेले असतील, शकुन. पाटील, मारवाडी, एक भटजीसुद्धा. कोणी विचारलं नाही, किंवा विचारून गप्प बसले. तुझ्या बाबांनी विचारलं, आणि उपाशी पोटानं पडून राहिले, आणि त्या उपाशी पोटाला आता कापायला नेणार आहेत.

मी जुन्या शहरात गेलो, मोर्णा नदीपलीकडे ते ज्या सोयऱ्यांकडे उतरलेत तिथं. सांगितलं त्यांना. थोडा आवाज चढला माझा. त्यांना पटलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणतात, पेशंट खाल्लं म्हणतो, त्याची बायको काही बोलत नाही, मुंग्यांवरून मी कागद कसा फाडू?

१८ तारखेला नागपूरला न्यायचं ठरलंय. तुझं ते ऐकतील. तू ये, तुझ्या हातानं कण्या रांध, पुन्हा एकदा कागद घेऊ. एवढंच कर. मग मला दुसरं काही नको.

सुखदेव


अकोला, १३ फेब्रुवारी

शकुन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या.

"बाबांनी खाल्लं असं बाबा म्हणतात. बाबा खोटं बोलत नाहीत. तू चारचौघांत त्यांची अब्रू घेतलीस. सूड घ्यायला तुला आजारी माणूस सापडला?"

मी ते पत्र चुलीत टाकायला गेलो आणि टाकलं नाही. मग तुला असं काही लिहिलं होतं की ते मात्र टाकलं. त्यात होतं, कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली माझ्या आईची भाकर आणि जवसाची चटणी कोण खात होतं ते सांगू का तुझ्या बाबांना? तू बोटं चाटली होतीस. "भागीरथामावशीले सांग, मीठ बरोबर हाय," असं माझ्या बोलीत म्हणून हसली होतीस. हे मी सांगणार नाही. रागात लिहिलं खरं, पण सांगणार नाही. तेवढं मला येतं.

आता त्या दिवशीचं नीट सांगतो. "थोडा आवाज चढला" असं लिहिलं ते खोटं.

ओसरीवर सात-आठ माणसं बसली होती. कोण होती ते मला नंतर कळलं. तुझ्या सोयरिकीच्या बोलण्यासाठी आलेली माणसं. मी अंगणात उभा राहून ओरडलो, "खुशालराव, तुम्ही खाल्लं नाही! माझ्या हातचं होतं म्हणून तसराळ्यात ओतलं!" एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हा कोन बे?" मी आडनाव सांगितलं. दुसरा म्हणाला, "कोनते वानखडे? कोन्या गावचे?" आणि मी ते पण सांगितलं. छाती पुढं काढून सांगितलं, नांदगावचा, देवमनचा पोरगा, आम्ही बौद्ध. तुझं नाव मी घेतलं नाही, शपथ. पण बाबांची नजर मी बघितली. त्यांना वाटलं, आता पुढचं वाक्य तेच असेल.

ते भिंतीला धरून उठले. म्हणाले, "म्या खाल्लं. देवासमोर सांगतो, खाल्लं. याचं डोस्कं फिरलं हाय." आणि खाली बसले. दोघांनी मला फाटकाबाहेर काढलं.

काल दुपारी तुझी आई दवाखान्यात औषधाला आली. बाटली घेतली तरी जाईना. नत्थुजी आत गेल्यावर उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"बापू, तू लोकाइसमोर बोल्ला. मले एकटीले सांगतलं असतं त म्या कायतरी केलं असतं."

"काकू, तुम्ही बघितलं होतं ना?"

तिनं बाटलीचं बूच दाबून बघितलं.

"मग डॉक्टरले सांगा ना! आत्ता! आतच हायेत ते."

"त्याइनं माह्या गळ्याची आन घातली हाय, बापू." मग पदरानं बाटली पुसत म्हणाली, "आता ते मरतीन, पन खाल्लं नाई असं म्हननार नाईत. तू तोंडावर बोल्ला नसता त म्हनले असते. घरी येऊन हसले असते मंग. तसेच हायेत ते."

"पुन्हा एकदा कागद घ्यायला तरी आणा त्यांना. तुमच्या हातच्या कण्या द्या."

"तुमच्या हातच्या म्हनलं की झालंच ना कबूल. मंग पयल्या कोनाच्या व्हत्या, कावून नाई खाल्ल्या, समदं निंघते."

ती गेली. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. यंत्र बंद होतं. शकुन, तुझ्या बाबांनी न खाण्याची चूक केली, ती बारकी होती, एका वाडग्याएवढी. ती दुरुस्त करायचा रस्ता त्यांच्यापुढं अजून मोकळा होता. त्या रस्त्यात मी जाऊन उभा राहिलो आणि गावाला हाक मारली. मी खरं बोलत होतो, आणि खरं बोलताना मला फार बरं वाटत होतं. तेच झालं.

हे पत्र तुला पाठवू का नको ते ठरवलं नाही.

सुखदेव


अकोला, १६ फेब्रुवारी

शकुन,

मागचं पत्र याच पाकिटात आहे. दोन्ही वाच, आणि मग दोन्ही जाळ.

परवा डॉक्टरांना म्हणालो, "पहिला कागद माझ्या चुकीनं बिघडला असं धरा."

"बिघडला आहे का?"

"नाही."

"मग मी असं कसं म्हणू? वानखडे, मी पेशंटशी खोटं बोलत नाही."

"तुम्ही नका बोलू, सर. मी बोलतो. तुम्ही फक्त मला काढून टाका."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुला दुसरं काम कुठं मिळणार नाही या गोष्टीनंतर. यंत्र बिघडवणारा म्हणून नाव होईल."

मी म्हणालो, नाव आधीच काही चांगलं नाही.

काल संध्याकाळी पुन्हा मोर्णा ओलांडली. या वेळी फाटकाबाहेर उभा राहून आत येऊ का विचारलं. तीच ओसरी, बहुतेक तीच माणसं. एकजण म्हणाला, "आला पाहा, पोटाचा रेडिओवाला," आणि बाकीचे हसले. मी हसणं संपू दिलं. हे मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

म्हणालो, "खुशालराव, त्या दिवशी तार मी उलटी जोडली होती. माझी चूक होती. डॉक्टरांच्या ध्यानात येईल म्हणून मी तुमच्यावर ढकललं. तुम्ही खाल्लं होतं. डॉक्टरांनी मला कामावरून काढलं. नागपूरच्या आधी कागद पुन्हा घ्यावा लागेल, पहिला रद्द झाला."

ओसरीवर कोणीतरी म्हणालं, "म्या म्हनलो नव्हतो? यायच्या हातात यंत्र देल्यावर असंच व्हनार."

मी जमिनीकडे बघत होतो. शेवटी वर बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. शकुन, त्यांना माहीत होतं. मी खोटं बोलतोय हे त्या ओसरीवर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि दाराआडून तुझ्या आईला. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. खरंच वाटलं. मग ते सोयऱ्यांकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या. पोट्टं हाय. चुकते मानूस." आणि तुझ्या आईला हाक मारली, "डॉक्टरनं बोलावलं त जाऊ सकाळी. तूच रांधून घे वो काईतरी, आता त्यायच्याकडं मानूस नाई."

आज सकाळी ते आले. मी मागच्या दारानं आधीच येऊन अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. डॉक्टर एकटे पेशंट आणि पट्टी दोन्ही सांभाळू शकत नाहीत. चकत्या त्यांनी स्वतः लावल्या, वाकड्या लावल्या, पण चालल्या. कोणी मला बघितलं नाही. हे लिहितो आहे ते त्याच खोलीतून, भिंतीपलीकडे ते अजून पडून आहेत.

आधी उपाशी पोटाच्या लाटा. त्याच, पहिल्या दिवसाच्या. ओळखीच्या माणसाची चाल कळते ना, तशा. मग भांड्याचा आवाज. तुझी आई म्हणाली, "सावकाश घ्या." ते म्हणाले, "गूळ लय टाकला वो," आणि खात राहिले. मी ऐकत होतो. चमचा वाडग्याला खरवडतो तोपर्यंत ऐकलं.

ठिपका लगेच काही करत नाही. मी टिंबं मारत राहिलो. टिंब चुकू नये म्हणून मनगट टेबलावर दाबून धरलं होतं. मग एक लाट थोडी वर आली. तिच्यामागची आणखी वर. त्याच्यानंतर ठिपका असा चढायला लागला शकुन, असा आरामात, भरल्या पोटानं, पट्टीच्या टोकाला जाऊन मागं येत होता, आणि मला तो नीट दिसेना, मी बाहीनं डोळे पुसून पुसून टिंबं मारली. एकही गाळलं नाही.

मधे एकदा बाबांनी विचारलं, "डॉक्टर, तो पोट्टा गेला का?"

"गेला," डॉक्टर म्हणाले. शेवटी त्यांनाही एक खोटं बोलावं लागलं.

"कुठं गेला?"

"मला माहीत नाही."

त्यानंतरच्या थोड्या लाटा कागदावर बुटक्या पडल्या आहेत. मग पुन्हा उंच झाल्या. माणूस बोलला, हलला, श्वास अडवला, कशानंही असं होतं. मी जशा पडल्या तशा मांडल्या आहेत. त्यातून काही काढायला मी बसणार नाही. ते काम इथं आजपर्यंतच होतं.

आत्ताच डॉक्टर आत येऊन कागद घेऊन गेले. उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पलीकडे सांगतायत ते ऐकू येतंय: भिंत जिवंत आहे, पोटाचं तोंड सुजलंय, आत्ता कापायचं काम नाही, औषध, दूध, विश्रांती, महिन्यानं पुन्हा दाखवा. तुझी आई रडते आहे. बाबा तिला म्हणतायत, "आता कावून रडतं? आता त बरं सांगून राह्यले ना!"

म्हणजे तुझ्या बाबांना घेऊन आई परवा मोर्शीला, घरी येईल. ते घरी सांगतील की त्या वानखडेच्या पोट्ट्यानं तार उलटी जोडली होती, फुकट जीव टांगणीला लावला. मामा सांगतील, मी आधीच ओळखलं होतं त्याला. सोयरे पण तेच सांगतील, आणि मी ऐकलं त्यावरून तुझं लग्न वैशाखात तिथंच होईल. सगळे हसतील तेव्हा तू पण हो म्हण. अगदी सहज म्हण. तू माझी बाजू घेतलीस, एक शब्दही बोललीस, तर त्यांना पुन्हा शपथ घ्यावी लागेल, आणि आईच्या गळ्याची आन आहेच. ते धडपणे जेवतायत तोवर मी अडाणी ठरलो तरी चालेल. हे लिहिताना मला चालत नाहीये. पण चालेल.

तू मला सूड घेणारा म्हणालीस ते वाक्य खोडून टाक, एवढं मागतो. कागदावर नाही, मनातून.

कुठं जाईन ते ठरलं नाही. धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये माणसं घेतात म्हणे. तिथं कोणाला कण्या रांधून द्याव्या लागत नाहीत. पत्ता कळवणार नाही.

बाबा उठून बसतायत, खाट वाजली. आता मला इथं बघायला नको. दिवा विझवतो, यंत्रावर कापड टाकतो. पाकीट नत्थुजीच्या स्टुलावर ठेवतो, तो टाकेल पेटीत. आता उठतो. मागच्या बोळात ऊन आलंय. बाहेर पाऊल टाकतो आणि आवाज होणार नाही असं दार लावून घेतो.

सुखदेव